झीणीच्या घमेल्यातले गोल दाणे

"थांब, मेराम! घमेलं खाली ठेव."

बहीण लाभू ओरडली, पण मेरामने ठेवलं नाही. झीणी ही त्याची शेळी, चार दिवसांत विणार होती आणि मिठासाठी दावं ओढत होती. दिवाळीच्या सुट्टीत दोघं भावंडं रणातल्या खाऱ्या वाळवंटात, आई-बापांच्या मिठागरावर आली होती. नवं मीठ पिकायला अजून महिने होते, म्हणून करमशीकाकांनी गावातल्या घरून मिठाची गोणी आणली होती.

लाभूने घमेल्यातले दाणे तळहातावर घेतले. "हे गोल आहेत. मिठाला कोपरे असतात."

"चाखून बघतो."

तिने त्याचा हात झटकला. "जीभ आवर! काका, ही गोणी युरियाची आहे."

"सगळ्यांचंच मीठ युरियाच्या रिकाम्या गोण्यांत असतं, बेन," काका हसले. "रणात पांढरं ते मीठच."

"तुमच्या शेतावरचा युरियाही पांढराच. शेळीने खाल्ला तर मरेल."

मेराम चटकन झीणीला बिलगला.

लाभूने मिठागरातल्या पंपाच्या बॅटरीला बल्ब जोडला आणि तारांची दोन टोकं वाटीतल्या पाण्यात सोडली. बल्ब लगेच पेटला.

"अजून काही घातलंच नाही," मेराम म्हणाला.

"विहिरीचं आणलंस ना? ते खारंच. टँकरचं आण."

"प्यायचं पाणी खेळायला?" काका कुरकुरले.

टँकरच्या पाण्यात बल्ब गप्प राहिला. डब्यातलं स्वयंपाकाचं मीठ घालून ढवळताच पेटला.

"मीठ आयनिक," लाभू म्हणाली. "पाण्यात सोडियम आणि क्लोराइडचे भारित कण सुटे होतात, तेच वीज नेतात."

"मग गोणीतलं मॅग्नेशियम डायक्लोराइड असेल!" मेराम आशेने म्हणाला.

"नुसतं मॅग्नेशियम क्लोराइड म्हण. आयनिकच्या नावात कण मोजत नाहीत. डाय, ट्राय लागतं ते कार्बन डायऑक्साइडसारख्या सहसंयुजांना. आणि तेही मीठच, बल्ब पेटवेल."

तिने वाटी धुतली, ताजं पाणी घेतलं, गोणीतले दाणे विरघळवले. बल्ब गप्प. आणखी मूठभर घातले. गप्पच.

"रेणू अख्खाच विरघळला, भारित कण सुटलेच नाहीत. हे सहसंयुज आहे. मीठ नाही."

काकांनी चमचाभर दाणे चुलीवर धरले. मीठ तडतडलं असतं. हे मेणासारखं वितळलं आणि गोठ्यातल्या मुतासारखा उग्र वास आला. काकांचा चेहरा उतरला.

"अर्धी गोणी मी सकाळी शेजारच्या मिठागरावर जीवणभाईंच्या शेळ्यांसाठी ओतून दिली."

ते धावत सुटले. पाठोपाठ मुलं. जीवणभाई कडबा टाकत होते, काकांनी दिलेली गोणी अजून बांधलेलीच होती. काकांनी ती छातीशी धरली आणि तिथेच बसले.

"आजपासून गोण्यांवर नावं तू लिहायचीस, लाभूबेन," ते म्हणाले. "मी वाचल्याशिवाय गाठ सोडणार नाही."