सहा भोकांची भिंत

"गिळली नाही. अजूनही गिळली नाही," चष्मी वहीत लिहिता लिहिता पुटपुटली.

सुट्टीत मावशीकडे आल्यापासून रोज सकाळी ती बागेच्या पायरीवर ठाण मांडून बसे. वसंतात झाडंझुडपं किलबिलाटाने भरून गेली होती आणि तिच्या वहीत अकरा पक्षी जमले होते. मावसभाऊ लंबू तिच्याहून एकाच वर्षाने मोठा, पण तोरा आजोबांचा.

"कोण काय गिळत नाहीये?" त्याने विचारलं.

"तो दयाळ. काळा-पांढरा, शेपटी उभी. मघापासून चोचीत अळी धरून तारेवर बसलाय. स्वतःला खायची असती तर कधीच फस्त केली असती. घरी पिल्लं आहेत त्याच्या."

"आणि घर कुठंय?"

"मागच्या भिंतीत. सारखा तिकडेच बघतोय."

लंबूची धाकटी बहीण बटण ताडकन उठली आणि तिघं मागे धावली. पाणी निघून जावं म्हणून त्या भिंतीत सहा भोकं ठेवलेली होती, आणि गवंडी नेमकं पहिलं भोक सिमेंटने बुजवत होता.

"मालकांनी सगळी बुजवायला सांगितलीत," तो म्हणाला. "त्यांना विचारा."

घरमालक खालच्या मजल्यावर राहत. त्यांच्या आवाजामुळे मुलं त्यांना करवतकाका म्हणत, अर्थात पाठीमागे.

"भाडेकरूंची पोरं मला भिंत शिकवणार?" ते कडाडले. "साप येतात त्या भोकांतून. काल मी स्वतः बॅटरी मारून पाहिलंय. आत काही नाही."

"सहाही भोकांत पाहिलंत?" चष्मीने विचारलं.

"पहिल्यात पाहिलं. सगळी सारखीच आहेत."

"म्हणजे एका घरात डोकावून अख्खी गल्ली रिकामी?"

लंबूने तिच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

"गवंडी जेवून येईपर्यंत नेमकं भोक दाखव," काका दातओठ खात म्हणाले. "नाहीतर सगळी बुजणार, आणि सुट्टीभर तुम्हाला बाग बंद."

भोकं आत वाकडी होती. बॅटरीने काही दिसेना. काडी घातली तर पिल्लांना इजा झाली असती.

"आपण इथे असेपर्यंत तो आत जाणार नाही," लंबू म्हणाला. "आणि आपण गेलो तर बघणार कोण? तुझा चष्मा?"

चष्मी भिंतीसमोरच्या अवजारांच्या खोलीकडे बघत होती. "चौघांनी आत जायचं, दोघांनी बाहेर यायचं. पक्ष्याला वाटेल, सगळे गेले. पण चौथे काका हवेत. माझ्या नुसत्या सांगण्यावर ते विश्वास ठेवणार नाहीत."

काका आले, ते केवळ तिची फजिती बघायला. सगळे आत शिरले. मग लंबू आणि बटण बादली बडवत, भांडत बाहेर पडले आणि फाटक आपटून गेले. चष्मी आणि काका दाराच्या फटीशी उकिडवे बसले.

"काही येत नाही," काका खेकसले.

"तुमचा आवाज थांबला की येईल."

काकांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण ते गप्प बसले. गुडघे धरून बसले. फाटकाबाहेर गवंड्याची सायकल वाजली. वेळ संपली होती.

तेवढ्यात दयाळ तारेवरून नळावर आला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि सूर मारून चौथ्या भोकात शिरला. आतून चिवचिवाट उसळला. क्षणात तो चोचीत काहीतरी पांढरं धरून बाहेर आला आणि लांब उडाला.

"ते काय नेलं?" काका कुजबुजले.

"पिल्लांची घाण. दूर नेऊन टाकतो."

"माझ्या भाडेकरूंपेक्षा बरा आहे."

गवंड्याने थापी उचलली होती. काका लंगडत त्याच्यापाशी गेले. "थांब. पिल्लं उडेपर्यंत इकडे फिरकू नकोस. नंतरही चौथं भोक सोड."

"आणि साप आला तर, मालक?"

"माझ्याकडे पाठव."

मग त्यांनी चष्मीची वही मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: 'चौथं भोक. प्रत्यक्ष पाहिलं.' खाली सही ठोकली.

"डोळे चांगले आहेत तुझे," वही परत देत ते म्हणाले. "करवत म्हणाल तर तुझी जीभ आहे. माझा आवाज त्यापुढे काहीच नाही."

फाटकामागे लंबूच्या हातातली बादली खाली पडली.