दुसरी प्लेट

अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या आमच्या लॅबमध्ये स्वानंदीने स्टीलचा एक गोळा टांगला होता. इंडियन स्टोअरमधल्या दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडल्या, की फिजिक्सची पीएचडी सुरू होते.

गोळ्यात वीज किती मावते, हे ती मोजायची. त्यासाठी समोर दुसरी प्लेट लागते. एकट्या गोळ्याची दुसरी प्लेट विश्वाच्या कडेला आहे असं धरायचं. इतक्या लांबच्या प्लेटचं कुणी मनावर घेत नाही.

२००४च्या दसऱ्याला आम्ही उपकरणांची पूजा केली. मी मीटरला झेंडू वाहिला, कॅल्क्युलेटरवर अक्षता टाकल्या. स्वानंदीने गोळ्याला ओल्या कुंकवाचा टिळा लावला, त्याच्याभोवतीची काचेची पेटी बंद केली आणि कडा टेपने चिकटवल्या.

दुसऱ्या दिवसापासून मीटरवरचा आकडा वाढू लागला. जवळ हात नेला की वाढतो, तसा. हात कुणाचाच नव्हता.

प्रोफेसरांनी कुंकवाला दोष दिला. ‘मीटर खराब’ असं लिहून दे, नाहीतर फंडिंग बंद, म्हणाले. फंडिंग गेलं की व्हिसा, व्हिसा गेला की थेट नागपूर. स्वानंदीने मीटर बदलला. नवाही तेच सांगू लागला.

"लिहून टाक ना यार," मी म्हणालो. "विश्व काय कोर्टात जाणारे?"

"मीटर चांगलाय, अंकुर. दुसरी प्लेट जवळ येतेय."

त्या दुपारी कॅल्क्युलेटरवरच्या अक्षता पेटीकडे घरंगळत गेल्या. टेबल तिरकं असणार म्हणून मी गवंड्याची लेव्हल आणून ठेवली. तिच्यातला बुडबुडा पेटीपासून लांब पळाला. त्याचं मला पटलं.

तेवढ्यात प्रोफेसर कागद घेऊन आले. सही कर, म्हणाले.

स्वानंदीने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर ताजा आकडा लिहिला.

प्रोफेसरांनी मीटरचा प्लग उपटला.

अक्षता थांबल्या नाहीत. काचेला टेकल्या आणि काचेवर चढू लागल्या.

प्रोफेसर दारापर्यंत मागे सरकले. स्वानंदीने प्लग परत लावला.

"येऊ दे," ती म्हणाली. "मोजल्याशिवाय सोडणार नाही."

मी पेटीभोवती फिरून टेप तपासली. कुठेही सुटली नव्हती.

स्वानंदीचा टिळा केव्हाच वाळून काळपट झाला होता. गोळ्याच्या मागच्या बाजूला, बरोबर त्याच उंचीवर, आणखी एक टिळा होता.

तो ओला होता.