सायकलच्या ट्यूबचा बेल्ट

वाशीमच्या बसस्टँडमागं माह्यं टेप दुरुस्तीचं दुकान हाय. पोहरादेवीकडच्या तांड्याईवरून लोक बापाच्या आवाजातल्या लेंगीच्या, म्हंजे होळीच्या गाण्याच्या, कॅसेटा अन जुने टेप घेऊन येतात. टेपची चाकं फिरवणारे कंपनीचे बेल्ट मिळत नाहीत, म्हणून मी सायकलच्या ट्यूबच्या बारीक गोल रिंगा कापून बसवतो. साऱ्या गावात माह्यंच नाव होतं. मंग समोर धनराजनं दुकान टाकलं. तोही ट्यूबच कापे, पण त्याच्या बेल्टवर आवाज ओढल्या जाये ना. माह्येच गिऱ्हाईक मले रामराम करून त्याच्याकडं शिरत. जीव नुसता जळे.

तरी शेवटी मीच माह्या घरचा टेप त्याच्याकडं नेला. माह्यी बायको अंजू वारली, तिच्या आवाजाची एकच कॅसेट उरली हाय. माह्या बेल्टवर ती रडल्यावानी बोले.

"उद्या न्या, मदनभाऊ," धनराज म्हणाला.

घरी आल्यावर ध्यानात आलं, कॅसेट आतच राह्यली. बेल्ट बसवला की आत असल ते वाजवून पाहाचं, ही आमच्या धंद्याची रीतच. म्हंजे तो अंजूले एकटाच ऐकत बसणार! मले जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेप आणून लावला. आवाज साफ, जशी चुलीपुढंच बसली. कॅसेटमधी ती जेवू घालता घालता विचारते, "रोडगे जमले काय हो?" अन मी म्हणतो, "मस्त."

आता ते "मस्त" धनराजच्या आवाजात आलं. अन अंजू हासली. त्या कॅसेटमधी ती कधीच हासली नव्हती.

मी तसाच त्याच्या दुकानात गेलो. "काहून रे, माह्या कॅसेटवर आवाज भरला तुनं?"

"कसा भरू, भाऊ? तुमच्या टेपचं रेकॉर्डिंगचं बटनच तुटलेलं हाय."

त्याच्या मिशीले तूप लागलं होतं, रोडग्यावर ओततात तसं.

घरी येऊन त्याचा बेल्ट ब्लेडनं कापला, फेकला. माह्या हातचा बसवला. चाकं फिरली.

"रोडगे... जमले... काय हो?"

"मस्त!" मीच मोठ्यानं म्हणालो.

नुसती खरखर.

"अंजू, मी हाय. मदन."

"अहो," ती हळूच म्हणाली. मले नाही. "बाहीर कोणी बोलून राह्यलं. पाहा बरं."

कोणीतरी पाटावरून उठलं. पावलं दाराकडं आली.

मंग स्पीकरमधून आमच्याच दाराची कडी वाजली. आतून लावून घेतल्याची.