कोऱ्या फिल्मची कड

"कोरी? अख्खी फिल्म कोरी?" शेजारचा पोरगा भोंगा असा काही ओरडला की आजी दचकलीच.

आजीची नात, जिला सगळे मोजपट्टी म्हणत, तिने फिल्मची काचेसारखी पारदर्शक पट्टी खिडकीशी धरली. आजोबा जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या पिशवीत दोन फिल्म सापडल्या, अजून न धुतलेल्या. "आजच धुवायला देऊ या!" हा हट्ट सुट्टीला आलेल्या मोजपट्टीचाच.

"स्टुडिओवाले फोटोकाका म्हणाले, आजोबांचे हात थरथरायचे. फिल्म कॅमेऱ्यात अडकलीच नसेल," भोंग्याची बहीण टिकली म्हणाली.

"असेल बाई," म्हणून आजी आत गेली. मोजपट्टीने आजोबांच्या जुन्या निगेटिव्ह काढल्या आणि कोरी पट्टी शेजारी ठेवली.

"कड बघा! जुन्यांवर बारीक आकडे आहेत. ते कारखान्यातच उजेडाने छापतात. आजोबांनी एकही फोटो काढला नसता, तरी धुतल्यावर आकडे दिसायलाच हवेत. इथे आकडेच नाहीत!"

"म्हणजे गडबड धुण्यात?"

"हो! आणि दुसरी फिल्म काका अकरा वाजता धुणार आहेत!"

अकराला सात मिनिटं कमी होती. तिघं चपला हातात घेऊन पळाली!

फोटोकाका फिल्म घेऊन अंधाऱ्या खोलीत शिरतच होते. टिकली दारात आडवी उभी राहिली.

"बाजूला हो गं, कामं खोळंबलीत!"

"काका, फक्त फिल्मची डबीबाहेर राहिलेली जीभ कापा," मोजपट्टी धापा टाकत म्हणाली. "तिच्यावर फोटो नसतो. ती चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरमध्ये बुडवा. उजेड लागलेली फिल्म त्यात काळी व्हायला हवी ना?"

"तीस वर्षं हेच करतोय मी! तू मला शिकवणार?"

"तीस वर्षांत पाच मिनिटं काय जड आहेत?" भोंगा म्हणाला.

काका हसले आणि त्यांनी तुकडा बुडवला. तो काळा झाला नाही. हळूहळू काचेसारखा स्वच्छ झाला. काकांचं हसू मावळलं.

"हे तर फिक्सर!"

फिक्सर शेवटी घालायचं. आधी घातलं, तर चित्र उमटायच्या आतच धुऊन जातं. दोन्ही बाटल्या सारख्या, चिठ्ठी एकीवरही नाही. काका त्या झाकणांच्या रंगावरून ओळखत. परवा बाटल्या घासल्या, तेव्हा झाकणांची अदलाबदल झाली होती.

दुसऱ्या बाटलीत नवा तुकडा काळाकुट्ट झाला. मगच काकांनी फिल्म धुतली. कडेला आकडे आले आणि आत नदी, पूल, सायकलवरची टिकली!

संध्याकाळी ते स्वतः प्रिंट घेऊन घरी आले. "आजी, चूक माझी होती आणि बोल आजोबांना लावला. ही पोरं नसती, तर दुसरीही गेली असती. हिची नजर मला असती तर!"

"शाब्बास गं," आजीने मोजपट्टीच्या पाठीवर हात ठेवला.

मोजपट्टी मान खाली घालून बसली. "असा तुकडा पहिली फिल्म धुण्याआधीच कापून बघायला हवा होता, आजी. मीच घाई केली. पहिलीत काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही."

"मला ठाऊक आहे. मीच होते तिच्यात," आजी म्हणाली. "लिही."

मोजपट्टीने वही घेतली. आजी डोळे मिटून सांगू लागली. गच्चीत केस वाळवताना. दाराशी, रुसलेली. मग आणखी काही. नवव्या फोटोनंतर तिला पुढचं आठवेना.

फिल्मवर छत्तीस फोटो होते.