इलाहीमामांचा चौथा हिस्सा

डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट कधी बदलायचा, हे इलाही शिकलगारांच्या गॅरेजात आता कुणी विचारत नसे. बेल्ट स्वतःच सांगत असे.

डिझेलच्या गाड्या तशा संपतच आल्या होत्या. शहरात तर त्यांना बंदीच होती. पण पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यांवर, जुन्या जीपगाड्या अजून खोकत-खाकरत चढत होत्या आणि त्यांची दुखणी घेऊन माणसं इलाहीमामांकडेच येत. इंजिनात खाली पिस्टन वर-खाली होतात, वर व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. दोघांची वेळ जुळवून ठेवतो तो एक दातेरी रबरी पट्टा. तो तुटला की वेळ चुकते, पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि गाडी जागच्या जागी मरते. म्हणून पूर्वी नियम असे: लाख किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी होईल ते. पट्टा चांगला असला तरी काढून टाकायचा.

मग शेषमापक आला. पट्ट्याच्या रबरात काचेचे बारीक धागे असतात. झीज होते तसा एकेक धागा तुटतो आणि तुटताना माणसाच्या कानाला न ऐकू येणारा आवाज करतो. डॉ. ऊर्मिला तांबवेकर यांनी हा आवाज ऐकणारं, टिकलीच्या डबीएवढं यंत्र बनवलं. धागे कोणत्या लयीत तुटताहेत यावरून ते उरलेलं आयुष्य सांगे. त्या आकड्याला सगळे 'शेष' म्हणू लागले. शेष एका किलोमीटरनेही चुकत नसे. मग लोक शेवटच्या किलोमीटरपर्यंत पट्टा वापरू लागले आणि दुकानदारांनी जादा पट्टे ठेवणंच बंद केलं. हवा तेव्हा मागवायचा, दोन दिवसांत येतो.

इलाहीमामांना यंत्र पटलं होतं, पण जिभेला जुनी खोड होती. यंत्रावर चार हजार दिसले की ते गिऱ्हाइकाला तीन हजार सांगत. चौथा हिस्सा वजा. शंभराच्या खाली असेल तर सरळ म्हणत, "संपला. गाडी हितंच ठेव, माझी जीप घेऊन जा." त्यासाठी एक जादा जीप अंगणात कायम उभी असे. कारण विचारलं असतं तर त्यांना नीट सांगता आलं नसतं. रस्ता म्हटलं की काहीतरी होतंच, एवढंच.

सहा वर्षं हे खपलं. मग यंत्राच्या नोंदी तपासताना ते तांबवेकरबाईंच्या लक्षात आलं आणि त्या स्वतः पाटणला आल्या. बाई रागावल्या नाहीत, आणि तेच मामांना जास्त लागलं.

"मामा, तुम्ही चांगले पट्टे फेकून देताय. आणि लोकांना खोटं सांगताय," त्या म्हणाल्या. "त्यांचा आकडा त्यांना खरा सांगा. पुढचं ते ठरवतील. मोठी माणसं आहेत ती."

चोरी पकडली गेल्यासारखे मामा खाली मान घालून उभे राहिले. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी खोटारडं म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी वजाबाकी सोडली.

आठवड्याभरात सडावाडीचा आनंदा लोकरे जीप घेऊन आला. शेष निघाला एकसष्ट.

"एकसष्ट हाईत," मामांनी सांगितलं. "पट्टा गुरवारी यील."

"घरापतुर सत्तावीस, परत सत्तावीस. चोपन्न. मग झालं की," आनंदा हसून म्हणाला. मामांची नजर अंगणातल्या जादा जीपकडे गेली होती. त्यांनी आनंदाच्या गाडीची किल्ली त्याला परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवत कापताना आनंदाच्या बायकोला, शेवंताला घोणस चावली. शेजारी बॅटरीची गाडी होती, पण चार्जिंग अर्धंच होतं, ती किती जाईल याचा नेम नव्हता. आनंदाने हिशेब केला, चौतीस उरलेत, पाटणच्या दवाखान्याला सत्तावीस लागतील, आणि आपलीच जीप काढली. फाट्यावर कळलं की पवनचक्कीचं लांबलचक पातं नेणारा ट्रक घाटाच्या वळणात आडवा अडकलाय. ॲम्ब्युलन्सही पलीकडेच खोळंबली होती. लांबचा रस्ता घरापासून सेहेचाळीस किलोमीटरचा. आनंदाने गाडी तिकडे वळवली. बरोबर चौतिसाव्या किलोमीटरला पट्टा तुटला. दवाखाना बारा किलोमीटरवर राहिला आणि शेवंता भर दुपारी रस्त्याकडेच्या करंजाखाली नवऱ्याच्या मांडीवर गेली.

यंत्र चुकलं असतं तर मामांनी त्याला शिव्या घातल्या असत्या. ते चुकलं नव्हतं. दोष कुणाला द्यायचा, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं राहिलं होतं. सहा वर्षं प्रत्येकाला म्हटलेलं वाक्य. तेराव्याला भेटायला गेले तेव्हाही ते सांगायला त्यांची जीभ उचलली नाही. उलट आनंदानेच त्यांची समजूत काढली, "तुमचं काय चुकलं, मामा? तुमी खरं तेच सांगितलं. हिशेब माझाच चुकला."

आपला अपराध दुसऱ्याने उचलून नेला होता आणि मामांनी तो नेऊ दिला होता. दोन वर्षं ते त्याच लाजेत जेवत होते, झोपत होते.

दोन वर्षांनी तांबवेकरबाई पुन्हा आल्या. केस पांढरे झाले होते. यंत्र आता माणसांना लावलं जात होतं. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीतही धागे असतात आणि तेही तुटताना आवाज करतात. एका जागची झीज असेल तर तेवढी नळी बदलता येई. सगळीकडे असेल तर डॉक्टरांच्याही हाती काही नसे. शेष कागदावर द्यायला कायद्याने मनाई होती, नाहीतर नोकरी देणाऱ्यांनी आणि सोयरीक जुळवणाऱ्यांनी आधी तोच कागद मागितला असता. माणसाने स्वतः निवडलेल्या विश्वासाच्या व्यक्तीने तो तोंडी सांगायचा. अशा व्यक्तीला शेषसाक्षी म्हणत.

"आनंदा लोकरेंनी तपासणी करून घेतली," बाई म्हणाल्या. "शेषसाक्षी म्हणून तुमचं नाव दिलंय. म्हणाले, मामा खोटं सांगत नाहीत."

मामांनी हातातला पाना खाली ठेवला. "किती?"

"पाचशे चाळीस दिवस. झीज सगळीकडे आहे." बाई त्यांच्या जवळ आल्या. "मामा, तुम्ही किती वजा करायचात?"

"चौथा हिस्सा." मग मामा न राहवून म्हणाले, "तुमीच नको म्हणाला हुता, बाई."

"हो. मीच," बाई हळूच म्हणाल्या. त्यांच्याही चेहऱ्यावर मामांना आपलीच दोन वर्षं दिसली.

ठरल्या वेळी बाई मामांच्या शेजारी बसल्या होत्या, तेव्हा आनंदा आला. चपला बाहेर काढून आत आला, जसा देवळात यावा तसा. "बोला मामा. मन घट्ट करून आलोय."

खरं सांगायचं, असं मामांनी ठरवलं होतं. पण समोर आनंदाचा चेहरा होता, मनात करंजाचं झाड होतं, आणि जीभ आपली जुनी वाट धरून गेली. "चारशे पाच दिस," ते म्हणाले.

आनंदाने बोटांवर महिने मोजले. "म्हंजे वर्ष आन् महिना. माझ्या ऋतुजाचं नर्सिंगचं शिक्षण दीड वर्षाचं राहिलंय. तिची आई गेली तवापसनं तिनं तेच डोक्यात घेतलंय." त्याने बोटं मिटली. "न्हाई पुरत मग. कॉलेजातनं काढतो तिला. वडगावचं स्थळ आलंय. माझ्या डोळ्यांदेखत तिच्या डोक्यावर अक्षता पडल्या म्हंजे झालं."

पट्टा लवकर काढला तर त्या जागी नवा बसतो. माणसाच्या वजा केलेल्या दिवसांच्या जागी काय बसवायचं, याचा विचार त्यांनी केलाच नव्हता.

"थांब आनंदा," ते म्हणाले. "चारशे पाच न्हाईत. पाचशे चाळीस हाईत. शिक्षान पुरं हुतंय तिचं."

"मग कमी का सांगितलं?"

"खोड हाय माझी. पट्ट्यातनं बी वजा करूनच सांगायचो सगळ्यास्नी."

आनंदाने अगदी सावकाश विचारलं, "माझ्या एकसष्टातनं किती वजा केलं हुतं?"

दोन वर्षं मामा याच प्रश्नाला भीत होते. "काय न्हाई," ते म्हणाले. "तुझ्यातनंच तेवढं न्हाई केलं. दुसऱ्या कुणाला त्याची गाडी नेऊ दिली नसती. माझी जीप दिली असती. मी गुन्हेगार हाय तुझा."

आनंदाची नजर अंगणातल्या जीपवर गेली. ताडपत्रीखाली ती अजून तशीच उभी होती. तो ओरडला नाही, अंगावर धावून आला नाही. तसं केलं असतं तर मामांना सोपं गेलं असतं. तो उठला आणि उंबऱ्याबाहेर जाऊन चपला घालू लागला.

"लोकरे, आकडा पाचशे चाळीसच आहे," तांबवेकरबाई कळवळून म्हणाल्या. "मी स्वतः मोजलाय. शंभर टक्के खरा आहे. मुलीला शिकू द्या."

"खरा असंल की," आनंदा म्हणाला. "एकसष्ट बी खराच हुता, बाई. मी आता कमीचाच आकडा धरून चालतो." आणि तो वडगावच्या पाहुण्यांना फोन लावत रस्त्याला लागला.