मस्टरवरची सही

हे माझ्याच बाबतीत घडलंय. सरकारी नोकरीसाठी लोक काहीही रचतात, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण ती नोकरी आता मलाच नकोशी झालीय.

माझे बाबा, बाळकृष्णराव, हैदराबादेत सुलतान बाजारजवळच्या एका सरकारी शाळेत क्लार्क होते. गेल्या जूनमध्ये वारले. शोकसभेत जो तो एकच सांगत होता, एकोणतीस वर्षांत एकही रजा नाही! मीही मान डोलावली.

नोकरीत असताना गेले, म्हणून अनुकंपेवर मला नोकरी मिळणार होती. आई आजारी, घर भाड्याचं. मला ती हवीच होती.

तेरावं झालं आणि मी फाइल घेऊन शाळेत गेले. सकाळचे दहा. मुख्याध्यापिका अनुराधा मॅडमनी बाबांचा शेवटचा दिवस बघायला मस्टर उघडलं...

आणि त्यांचं बोट बाबांच्या ओळीवर थबकलं.

बाबांची सही होती. अगदी त्या दिवसाच्या तारखेपर्यंत. वेळ रोज नऊ चाळीस.

मॅडम शिपायावर उखडल्या. यादगिरी रडकुंडीला आला. "मैं नै लिखा मॅडम, अल्मारी की चावी तो आप के पास रहती."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आमच्यादेखत कपाट उघडलं...

नवी सही होती.

मॅडमचं बोट लागलं. शाई पसरली.

"गेलेला माणूस हजर दिसला, तर फाइल पुढे कशी जाईल गं?" त्या हळूच म्हणाल्या. "तूच सांग त्यांना."

मला रडू फुटलं. बाबांच्या रिकाम्या खुर्चीपुढे मी हात जोडले. "बाबा, आता विश्रांती घ्या. तुमची जागा मी सांभाळते."

खुर्ची करकरली... कुणी उठल्यासारखी.

त्यानंतर सही झाली नाही. फाइल सरकली. जानेवारीत मी त्याच खुर्चीत बसले.

गेल्या आठवड्यात सोमवारी मला सणकून ताप आला. अंबरपेठेतल्या घरातून मॅडमना फोन केला, आज रजा हवी.

पलीकडे मस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला...

"योगिनी, अगं, तुझी सही आहे. नऊ चाळीसची. यादगिरीने तुझ्या टेबलावर चहाही ठेवला."

"मग?"

"कप रिकामा आलाय."

आणि मला आठवलं...

मी पाचवीत असताना बाबांना टायफॉइड झाला होता. वीस दिवस अंथरुणात होते. त्यांच्या कपाळावरच्या पट्ट्या मीच बदलायचे.

मग ते वीस दिवस सही कोण करत होतं?

आज नववा दिवस. मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

माझी एकही रजा लागलेली नाही.