अर्धा भोंगा

नाटकात गिरणीचा भोंगा हवा होता आणि तो काढायचं काम लवूच्या गळ्यात पडलं होतं. संपाला चार वर्षं उलटली होती, गिरणीला कुलूप होतं, खरा भोंगा आणणार कुठून? दिग्दर्शक शरच्चंद्र सहज म्हणाला, "तुझ्या त्या सिंथेसायझरमधून काढ ना काहीतरी." जसा काही खिशातून रुमालच काढायचा होता.

दुपारी भोईवाड्यातल्या खोलीत लवू ते धूड मांडून बसला. मागे खाटेवर त्याचे वडील, गणपतआबा, भिंतीकडे तोंड करून पडले होते. जन्म गिरणीत, कापड विणायच्या साच्यावर काढलेला माणूस. संप चिघळला त्याच साली त्यांच्या पायांतलं बळ गेलं, ते गेलंच.

एक सूर धरायचा आणि त्याला एलएफओ लावायचा. एलएफओ म्हणजे कानाला ऐकूही न येणारी संथ लाट. ती स्वतः वाजत नाही, दुसऱ्या सुराला मागून वर ढकलते, खाली ओढते. पण लाटेचा वेग वाढला की सूर बोकडासारखा बें बें करी, जोर वाढला की पोलिसांची गाडी निघे. लवू पार वैतागला. पट्टी दाबलेलीच राहावी म्हणून तिच्या फटीत काडी खोचून तो नॉब केसभर फिरवत राहिला.

आणि जमलं. सूर पोटातून उठला, चढत गेला, वर जरा थरथरला आणि उतरू लागला. हुबेहूब.

तोच जिन्यात पावलं वाजली. बरीच.

"आले तक्रार करायला," म्हणत लवू गॅलरीत गेला. जिन्यात कोणी नव्हतं. पावलं मात्र उतरत होती... घाईघाईने, चपला घासत. मशिनच्या तेलाचा वास आला.

आत येऊन त्याने लाटेचा जोर शून्यावर आणला. आता सूर सरळ राहायला हवा होता. तो चढतच होता.

"काय कटकट आहे," म्हणून त्याने प्लगच उपटला. भोंगा चढता चढता तुटला.

वळून पाहतो तर खाट रिकामी.

आबा जिन्याच्या तोंडाशी उभे होते, स्वतःच्या पायांवर. गर्दीत धक्के बसावेत तसे त्यांचे खांदे हलत होते. लवूने धावत जाऊन कमरेला मिठी घातली.

"सोड माका... पाळी चुकतली."

"आबा, गिरणी बंद आहे..."

त्यांनी त्रासून त्याच्याकडे पाहिलं आणि पाय मिठीतच लुळे पडले. शेजारच्या गंगुबाईंनी हात दिला, तेव्हा कुठे त्यांना खाटेवर आणता आलं. लवूने सिंथेसायझर गुंडाळला आणि शरच्चंद्रला निरोप धाडला, भोंग्याचं दुसऱ्या कोणाला सांग.

सकाळी लवू चहा पाजत असताना आबा करवादले, "अर्ध्यात कित्याक तोडलंस? मंडळी जिन्यात अडकली मां. पुढे जावक गावना नाय, घराक येवक गावना नाय."

लवू पाव आणायला निघाला. जिना रिकामा होता. तरी त्याला भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उतरावं लागलं... आणि मधल्या वळणावर कोणीतरी सरकून त्याला वाट दिली.